उणे एकशेबारा

यादी न वाचता ‘हो’ म्हणणाऱ्या माणसांचा मला राग आहे. बँकेत, दुकानात, लग्नात, कुठेही म्हणोत. माझ्या धंद्यात तर अशी माणसं म्हणजे चालतीबोलती आपत्ती. कॉम्प्युटर विचारतो, ही अमुक इतकी पॅकेजं काढून टाकू का, आणि हे बहाद्दर मान वरसुद्धा न करता ‘हो’चं बटण दाबतात. मग मला फोन येतो की मॅडम, आम्ही काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं. आपोआप काही बंद पडत नसतं. कोणीतरी कुठेतरी न वाचता हो म्हटलेलं असतं.

मी एका रुग्णालयाचे सर्व्हर सांभाळते. मूल होत नसलेल्या जोडप्यांचं रुग्णालय आहे ते. तळमजल्यावर प्रयोगशाळा, आणि तिच्या मागे जाड दाराची एक थंड खोली. तिथे कमरेएवढ्या उंचीच्या सहा टाक्या ओळीने उभ्या आहेत. आत द्रवरूप नायट्रोजन, आणि त्याच्या गारठ्यात बारीक काड्यांच्या टोकांवर गोठवून ठेवलेले गर्भ. एकेक टिंबाएवढा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल असा.

त्यातला एक माझ्या धाकट्या बहिणीचा होता. आधी तीन होते. दोन वापरून झाले, आणि दोन्ही वेळा पंधरा दिवसांत सगळं संपलं. धाकटी आता एकोणचाळीसची होती आणि डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की तिच्या शरीरातून नवीन गर्भ तयार होण्याची आशा धरू नये. म्हणजे राहिलेला हा शेवटचा. तो येत्या गुरुवारी सकाळी बाहेर काढून तिच्या पोटात ठेवायचा होता.

गावात याहून नावाजलेली दोन रुग्णालयं होती. धाकटीने हे निवडलं ते माझ्यामुळे. “तुझ्या नजरेखाली राहतील,” असं म्हणाली होती. मी तिला स्वतः थंड खोलीत नेलं होतं. प्रत्येक टाकीत तापमापक कसा आहे, त्याची वायर भिंतीतून माझ्या सर्व्हरपर्यंत कशी येते, दर मिनिटाला नोंद आणि दर महिन्याला तपासणी कशी होते, सगळं दाखवलं. तापमान उणे एकशेतीस अंशांच्या वर चढलं तर खोलीतला भोंगा वाजतो, आणि इमारतीत कोणी नसलं तरी माझ्या, प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या लॅबबाईंच्या आणि मोठ्या डॉक्टरांच्या फोनवर संदेश येतो. एवढी ऐट मी स्वतःच्या लग्नातही केली नव्हती.

त्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी सर्व्हरसमोर बसले. सिस्टिमच्या जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं महिनाअखेरीला बंद होणार होतं, त्यामुळे नवी आवृत्ती चढवणं भाग होतं. रविवारी इमारत रिकामी असते. लॅबबाई एरवी रविवारी येत नाहीत, पण गुरुवारच्या तयारीसाठी सकाळी येऊन टाक्यांवर नजर टाकून गेल्या होत्या. खिडकीबाहेर बंद दुकानांची शटर्स होती आणि एक माणूस पाइपने फुटपाथ धूत होता. आठवड्यातला हा एक दिवस मला आवडतो, कारण कोणी प्रिंटरबद्दल विचारायला येत नाही.

पॅकेज म्हणजे तयार प्रोग्रामचं गाठोडं. प्रत्येक गाठोड्यावर लिहिलेलं असतं की मला सोबत अमुक लागेल, तमुक इतक्या आवृत्तीच्या पुढचं लागेल, आणि ढमुक मात्र या घरात नको. सिस्टिम नवी करायची म्हणजे अशी दोन हजार गाठोडी एकदम बदलायची आणि कोणाचाही रुसवा होऊ द्यायचा नाही. मी बॅकअप घेतला, तो उघडून पाहिला, आणि मग कोरडी तालीम सुरू केली. कोरड्या तालमीत कॉम्प्युटर काय काय करणार ते नुसतं सांगतो, करत काही नाही.

दोन मिनिटं ओळी सरकत राहिल्या आणि थांबल्या. शेवटी एक वाक्य आलं: तुम्ही मोडकी पॅकेजं धरून ठेवली आहेत.

हा त्याचा नेहमीचा टोमणा. मी तो हजारदा ऐकलाय, सासूच्या टोमण्यासारखा कानाआड करायची सवय झाली आहे. कोणीतरी एखाद्या पॅकेजवर ‘याला हात लावू नका’ अशी खूण केलेली असते, आणि अख्खी वरात त्याच्यापाशी अडते. मी खुणांची यादी मागवली. यादीत एकच नाव होतं. निरोप्या.

हे नाव मास्तरांनी ठेवलेलं. मास्तर म्हणजे माझ्या आधी या खुर्चीत बसणारे गृहस्थ. चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. मला हे काम त्यांनी शिकवलं, आणि शिकवताना एकदाही आवाज चढवला नाही, जे मला अजून जमलेलं नाही. टाक्यांसाठी त्यांनी दोन प्रोग्राम स्वतः लिहिले होते. ‘पहारा’ तापमान बघायचा. काही बिघडलं की तो ‘निरोप्या’ला हाक मारायचा, आणि निरोप्या फोनवर संदेश धाडायचा.

संदेश ज्याच्यातून बाहेर जातात ते मोडेम चालवणारं नव्या सिस्टिममधलं पॅकेज म्हणत होतं, निरोप्याची ही आवृत्ती असेल तर मी येणार नाही. एका म्यानात दोन तलवारी. मी निरोप्यावरची खूण काढून पुन्हा तालीम घेतली. या वेळी सगळं सुरळीत झालं, फक्त काढून टाकायच्या पॅकेजांची एक यादी समोर आली. त्यात निरोप्या होता, आणि निरोप्याशिवाय राहू शकत नाही म्हणून त्याच्या पाठोपाठ पहाराही होता. खाली प्रश्न होता: पुढे जाऊ का?

मी ‘नाही’ म्हटलं आणि स्वतःवर खूश झाले. दुसरा कोणी असता तर पहारा उडवून मोकळा झाला असता.

मग सरळ उपाय असा की निरोप्या नव्या सिस्टिमला चालेल असा पुन्हा बांधायचा. त्यासाठी आत काय आहे ते बघायला हवं. मी पॅकेजचा आकार पाहिला आणि मला पहिल्यांदा बरं वाटेनासं झालं. चार किलोबाइट. एवढ्यात जेमतेम एक पत्र मावतं. संदेश पाठवणारा प्रोग्राम कितीही काटकसरीने लिहिला तरी एवढ्यात बसणं कठीण.

मी ते उघडलं. आत दोन फायली होत्या. एकीत आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख, सहा वर्षांपूर्वीची. दुसरीत एकच ओळ: तात्पुरतं. पहाऱ्याने कुरकुर करू नये म्हणून.

बाकी काही नव्हतं. प्रोग्राम नव्हताच.

ही युक्ती आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी मोठ्याने कबूल करत नाही. एखादं पॅकेज काही केल्या बसत नसेल, आणि त्याच्यामुळे बाकीची हजार अडली असतील, तर त्याच नावाचं एक रिकामं गाठोडं बनवायचं. वर चिठ्ठी लावायची की मीच तो. कॉम्प्युटर चिठ्ठी वाचतो आणि समाधान मानतो. दोन मिनिटांचं काम असतं. नंतर सवडीने खरं पॅकेज बसवायचं असतं.

मला वाटलं, खरा निरोप्या दुसरीकडे कुठेतरी ठेवला असेल. मी अख्खी डिस्क धुंडाळली. नव्हता. तरी मन मानेना. दर महिन्याला मी इशारा यंत्रणेची तपासणी करते, कागदावर सही करते. पण ती तपासणी म्हणजे काय, तर पहारा चालू आहे का हे विचारायचं, त्याने ‘चालू’ म्हटलं की ‘होय’वर खूण करायची. पहारा चालूच होता. चार वर्षांत अठ्ठेचाळीस वेळा मी त्याला विचारलं होतं आणि अठ्ठेचाळीस वेळा तो खरं बोलला होता.

मी थंड खोलीत गेले. सहाव्या टाकीत नुसता नायट्रोजन असतो, गर्भ नसतात. तिच्यातला तापमापक ओढून बाहेर काढला आणि हवेत धरला. मिनिटभरात भोंगा असा बोंबलला की मी खांद्याने एक कान दाबला. मग तो तसाच बाहेर ठेवून दार लावलं आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. तिथे काहीही ऐकू येत नव्हतं. दहा मिनिटांनी भोंगा आपोआप थांबतो, तशी सोय केलेली आहे, नाहीतर जळून जातो.

वर आले तर पडद्यावर नोंद होती: तीन संदेश दिले. माझा फोन कीबोर्डशेजारी पडला होता. मी त्याच्याकडे बघत बसले. घड्याळ लावून पंधरा मिनिटं बसले. मग लॅबबाईंना फोन करून विचारलं की काही आलं का. त्या म्हणाल्या, “काय यायला हवं होतं?”

मग मी पहाऱ्याचा कोड वाचला, जो मी चार वर्षांत कधी वाचला नव्हता, कारण मास्तरांचं काम तपासायचं असतं असं मला कधी वाटलंच नाही. पहारा निरोप्याला हाक मारायचा आणि लगेच ‘दिला’ असं लिहून मोकळा व्हायचा. निरोप्या घरात आहे की नाही हे तो वळून बघत नव्हता.

म्हणजे सहा वर्षं दर सुट्टीला, दर रात्री त्या टाक्यांना वाली नव्हता. कामाच्या वेळेत भोंगा ऐकायला माणसं असायची, एकदोनदा झाकण उघडं राहिल्यावर तो वाजलाही होता, तेव्हा फोनवर काही आलं नाही हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि सगळे म्हणाले होते की वा, यंत्रणा चोख आहे. मी खुर्चीला टेकले आणि देवाचे आभार मानले की सहा वर्षांत काही झालं नाही. नशीब बलवत्तर म्हणायचं, एवढं म्हणून मी जागची उठलेसुद्धा.

मग पुन्हा बसले. काही झालं नाही हे मला कोणी सांगितलं होतं? दर मिनिटाची नोंद तर होतीच. ती वाचायचं कारण कोणाला पडलं नव्हतं, इतकंच. मी सहा वर्षांच्या नोंदींमध्ये उणे एकशेतीसच्या वरच्या सगळ्या ओळी मागवल्या. पहिल्या टाकीत एकही नव्हती. दुसऱ्या टाकीत चार मिनिटं, सोमवारी सकाळी, म्हणजे कोणीतरी झाकण काढून काम करत होतं.

तिसऱ्या टाकीत सहाशे शहात्तर ओळी होत्या. एकामागून एक, मधे खंड नाही. दोन वर्षांपूर्वीची तीन दिवसांची जोडसुट्टी. पहिली ओळ रविवारी मध्यरात्रीनंतर सव्वा वाजताची, शेवटची दुपारी साडेबाराची. आकडे हळूहळू चढत गेले होते, उणे एकशेबारापर्यंत, आणि मग अचानक खाली कोसळले होते.

मी खाली जाऊन नायट्रोजन भरणाऱ्या माणसाची वही काढली. तो स्वतःच्या किल्लीने येतो, टाक्या रेघेपर्यंत भरतो आणि जातो. त्या रविवारच्या पानावर त्याने वेळ लिहिली होती, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. पुढे त्याच्या तिरक्या अक्षरात होतं: तीन नंबरचं झाकण नीट बसलेलं नव्हतं, बसवलं. जास्त भरावं लागलं. त्याने त्याचं काम केलं होतं. वही वाचणं हे त्याचं काम नव्हतं. मंगळवारी मी महिन्याच्या तपासणीवर सही केली होती. तो कागदही मिळाला. माझी सही छान आली आहे त्यावर, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी.

धाकटीचे तिन्ही गर्भ त्या सुट्टीच्या तीन महिने आधी गोठवलेले. तिसरी टाकी, काड्या अडकवलेली सातवी दांडी. मला तिच्या कार्डावरचा क्रमांक पाठ होता.

बोलावल्यावर लॅबबाई दहा मिनिटांत आल्या, घरच्या चपलांवर. त्यांचा स्वभाव मोजूनमापून बोलण्याचा. मी पडद्यावरचा आलेख दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि उणे एकशेबारावर बोट ठेवून उभ्या राहिल्या. मी विचारलं, अकरा तासांत काय होतं?

“आत बर्फाचे कण धरायला लागतात,” त्या म्हणाल्या. “बाहेर काढल्यावर जिवंत दिसतात. जरा मलूल, पण जिवंत. मग वाढत नाहीत.”

“सगळे?”

“सगळे नसतील. मला माहीत नाही. कोणालाच माहीत नसेल.” त्यांनी पडद्यावरचं बोट उचललं. “तुमच्या बहिणीचे दोन्ही वेळा मलूल होते. मी लिहून ठेवलंय. मला वाटलं, मुळातच तसे असतील.”

त्या खाली टाक्यांकडे गेल्या. मी मास्तरांना फोन लावला. रविवारी सकाळी ते रेडिओ दुरुस्त करत बसतात, मागे कुठलंतरी स्टेशन खरखरत होतं. मी विचारलं की मास्तर, निरोप्या रिकामा का आहे? ते हसले. पोरी, अजून ते तसंच आहे होय, म्हणाले. तेव्हा अशीच आवृत्ती बदलायची होती, निरोप्या काही केल्या बसेना, संध्याकाळ झाली होती. म्हटलं दोन दिवस राहू दे असंच, सोमवारी नीट करतो. खूण लावली, कोणी हात लावू नये म्हणून.

“मग सोमवारी?”

“सोमवारी प्रिंटर बिघडले ना सगळे.” रेडिओची खरखर बंद झाली. “विसरलो गं. काही झालंय का?”

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, फार ओरडायचं होतं, आणि ज्या माणसावर चार वर्षं डोळे मिटून भरवसा ठेवला त्याला आता काय म्हणून जाब विचारायचा हे कळत नव्हतं. मी म्हटलं, नंतर सांगते. ते फोन ठेवत नव्हते. शेवटी मीच ठेवला.

मोठ्या डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते परगावी एका परिषदेला गेले होते, मागे कपबशांचा आवाज येत होता. त्यांनी पहिलं विचारलं की हे आणखी कोणाला माहीत आहे. मी सांगितलं, लॅबबाईंना. बरं, म्हणाले. मी येईपर्यंत कोणाशी बोलू नका, नोंदींना हात लावू नका, वकिलांना विचारून ठरवू. मी म्हटलं, गुरुवारी माझ्या बहिणीचं आहे.

“म्हणूनच सांगतोय,” ते म्हणाले. “आत्ता तिच्या मनावर ताण आला तर जी काही शक्यता आहे तीही जाईल. तुम्ही तिच्या सख्ख्या बहीण आहात. तिचं भलं बघा.”

त्यांचा आवाज खरोखर मायेचा होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. कारण म्हणणं खोटं नव्हतं. आणि खोटं नसलेलं ते म्हणणं माझ्या किती सोयीचं होतं ते माझ्या लगेच लक्षात आलं.

खोटं कशाला बोलू, त्यानंतर अर्धा तास मी काय काय विचार केला ते सांगण्यासारखं नाही. निरोप्याचं नवं रिकामं गाठोडं मी दोन मिनिटांत बांधू शकले असते. आवृत्ती चढली असती, सोमवारी सगळं हिरवं दिसलं असतं. नोंदींची फाइल जुनी होती, आवृत्ती बदलताना जुन्या फायली जातात, कोणाला नवल वाटलं नसतं. मग गुरुवार आला असता, आणि पंधरा दिवसांनी धाकटीने फोन केला असता, आणि मी तिला आधी दोनदा म्हटलं होतं तसं म्हटलं असतं की धीर धर. बोटं कीबोर्डवर होती. मग दारात लॅबबाई दिसल्या. त्या तिथेच उभ्या राहिल्या, आणि मी हात मांडीवर घेतले.

मी आवृत्ती बदलायचं सोडून दिलं. जुन्या सिस्टिमवरच खरा निरोप्या पहिल्यापासून लिहिला, ओबडधोबड, पण हाक आली की पोचल्याची पावती मागणारा. त्याला पावती मिळाली नाही तर पहारा गप्प बसणार नाही असं केलं. पुन्हा सहाव्या टाकीचा तापमापक हवेत धरला. या वेळी माझा फोन टेबलावर थरथरत सरकला आणि लॅबबाईंचा पिशवीत वाजला. त्या म्हणाल्या, “आला.” आम्ही दोघीही एकमेकींकडे बघू शकलो नाही. नोंदींची प्रत मी काढून घेतली, एक त्यांना दिली. वाजले होते चार.

धाकटीचं घर सायकलने वीस मिनिटांवर आहे. मला तो रस्ता चाळीस मिनिटं पुरला. वाटेत मी तीनदा ठरवलं की गुरुवारनंतर सांगू. तिचा नवरा रविवार असूनही कामावर होता. दार तिनेच उघडलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली की असं काय गं तोंड झालंय, जेवली नाहीस का. मी आत गेले. ती टेबलाशी वही उघडून बसली होती.

त्या वहीचं मूळ मीच. पहिल्यांदा तिचं फसलं तेव्हा मीच तिला सांगितलं होतं की बिघाड शोधायचा तर नोंद ठेवावी लागते. किती वाजता काय केलं, काय खाल्लं, काय उचललं, सगळं लिहायचं, मग चूक सापडते. माझं धंद्यातलं शहाणपण. तिने ते इमानेइतबारे पाळलं. ही तिसरी वही होती. जिना तीनदा चढले. अर्धी बादली उचलली. नवऱ्यावर ओरडले. ज्या ओळीखाली लाल रेघ ती ओळ संशयित. ती मुलांना पोहायला शिकवायची. पोहणं पहिल्याच वहीत संशयित ठरलं, आणि दीड वर्षं तिने पाण्यात पाय घातला नव्हता.

“बस,” मी म्हटलं. “मधे बोलू नकोस, नाहीतर मला पुढे सांगता येणार नाही.”

मी सगळं सांगितलं. रिकामं पॅकेज, झाकण, अकरा तास, उणे एकशेबारा. लॅबबाई काय म्हणाल्या ते. डॉक्टरांनी गप्प राहायला सांगितलं तेही. सांगताना मी टेबलाच्या कडेकडे बघत होते, तिथे लाकडाचा एक टवका उडाला होता. शेजारच्या घरात कोणीतरी खुर्ची सरकवली.

“म्हणजे ते दोन्ही माझ्यामुळे गेले नाहीत,” ती म्हणाली.

“नाही.”

“मी काही केलं नव्हतं.”

“तू काहीच केलं नव्हतंस.”

तिने कपाटातून बाकीच्या दोन वह्याही काढल्या आणि पहिलीचं पहिलं पान उघडलं. बोट फिरवत वरची तारीख वाचली. मग मला सुट्टीची तारीख पुन्हा विचारली. मी सांगितली. ती पहिल्या पानाच्या कितीतरी आधीची होती.

“यात नाहीच आहे ती,” ती म्हणाली. आवाज साधा होता. वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. मी माझा पुढे केला, पण तिने तो घेतला नाही.

“त्या महिन्याची तपासणी कोणी केली होती?”

हे मी सांगितलेल्यात नव्हतं. एवढी एक गोष्ट मी गाळली होती.

“मी,” मी म्हटलं. “सही माझी आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी तिला माझा मार बसायचा तेव्हाही ती अशीच बघायची, उलट मारायची नाही. मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं, समजूत घालायला आली नाही. मला वाटलं ती आता मला घालवून देईल, आणि तिने दिलंही, पण ओरडून नाही.

“गुरुवारी मी जाणार,” ती म्हणाली. “एक आहे ना, आहे तो आहे. कसाही असू दे.”

“मी येऊ?”

“नको, ताई.”

मी उठले. बूट घातले. ती दाराला धरून उभी होती. तिने विचारलं की त्या टाकीत त्या वेळी आणखी किती जणींचे होते. मी म्हटलं, एकतीस जणींचे.

“त्यांच्याकडे जा,” धाकटी म्हणाली. “डॉक्टरांची वाट बघू नकोस. त्यासुद्धा आपलं काय चुकलं ते शोधत बसल्या असतील.”